खांबावरील मरणातून आलेली विद्या

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा इस्पितळाच्या दारापासून वाचू लागतो. थांबलेले हृदय पुन्हा चालते करण्याच्या विद्येचा एक धागा मात्र विजेच्या खांबापाशी जातो. अमेरिकेत विजेच्या तारा पसरल्या तसे तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने मरू लागले. १९२० नंतरच्या दशकात या मरणांच्या संशोधनाला वीजधंद्याने पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते काम विल्यम कौवेनहोव्हन यांनी हाती घेतले. ते डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंते होते. १९६० साली त्यांनी ज्यूड व निकरबॉकर यांच्यासह जाहीर केले की, छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी ती दाबून रक्त फिरते ठेवता येते.

पण ते रक्त मेंदूपर्यंत पोहोचते का? मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा २, आणि त्याला प्राणवायू लागतो शेकडा २०. पुरवठा तुटला की काही सेकंदांत शुद्ध जाते; चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. हृदय परत आले आणि माणूस परत आला नाही, तर घरच्यांच्या पदरी काय पडले?

२०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई बोटाला चिमटा लावून घरोघर प्राणवायू मोजत फिरल्या, ते आपण पाहिले आहे. तो चिमटा नाडीच्या ठोक्यावर चालतो. हृदय थांबले की तो मुका होतो. १९७७ साली ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखविले की, तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत शिरतो. प्राणवायू असलेले व नसलेले रक्त तो निरनिराळ्या प्रमाणात शोषते. म्हणून कपाळावर पट्टी लावून, ठोका नसतानाही, मेंदूच्या पुढल्या भागातील प्राणवायूचा अंदाज घेता येतो. निरोगी माणसात हा आकडा साधारण ६० ते ८० असतो. छाती दाबताना तो चढत गेला तर हृदय परतण्याची आशा वाढते. मात्र त्या आकड्यावरून उपचार बेतल्याने अधिक जीव वाचतात, हे अजून सिद्ध झालेले नाही.

नांदेडच्या मोंढ्यात हमाल कोसळला किंवा लातूरच्या डाळमिलीत कामगार पडला, तर तेथे ती पट्टी नसणार. पहिली पाच मिनिटे शेजारच्या माणसाच्या हातांची आहेत. विजेचा धक्का असेल तर आधी प्रवाह तोडावा. माणूस बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला कळवावे आणि छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहावे. हे शिकायला एक दुपार पुरते. ती दुपार भरपगारी मिळावी, ही मागणी प्रत्येक युनियनच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या शेजारी असली पाहिजे. कामगारांच्या मरणातून जी विद्या आली, तिच्यावर कामगारांचा पहिला हक्क आहे.