नांदण्याचा दावा

महिन्यातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न मला वेगवेगळ्या बायकांकडून विचारला जातो. विचारणारी कधी विशीतली असते, कधी पन्नाशीची. मारहाणीबद्दल ती पाच मिनिटांत सांगून मोकळी होते, जणू तो भाग आपल्याला ठाऊक असणारच. मग पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढते. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स असते, लग्नपत्रिका असते, घरपट्टीचा उतारा असतो. आवाज खाली आणून ती विचारते, ‘घर सासूच्या नावावर आहे. मला बाहेर काढू शकतात का?’

मी वकील आहे, इतिहासकार नाही. पण या प्रश्नाचं २००७ साली द्यावं लागलेलं उत्तर आणि आज देता येणारं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि १८८७ साली तर हा प्रश्नच उलटा होता. तेव्हा मुंबईच्या हायकोर्टासमोर आलेल्या बाईला नवऱ्याच्या घरातून कुणी बाहेर काढत नव्हतं. तिला तिथं जायचंच नव्हतं.

त्याआधी एका शब्दाविषयी. ‘नांदणं’ हा मराठीतला मोठा सुंदर शब्द. नांदा सौख्यभरे म्हणून आपण अक्षता टाकतो. पण कोर्टाच्या आवारात या शब्दाची तीन रूपं ऐकू येतात: ती नांदते, ती नांदत नाही, तो तिला नांदवत नाही. पहिल्या दोन रूपांत क्रिया बाईची, तिसऱ्यात बाई कर्म झालेली. व्याकरणातलं हे प्रयोजक रूप कायद्यानं जसंच्या तसं उचललं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा अर्ज आमच्याकडे ‘नांदण्याचा दावा’ म्हणूनच ओळखला जातो आणि त्याआधी येते ती ‘नांदायला ये’ अशी नोटीस.

तर रखमाबाई. जन्म १८६४चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालं, पण ती वाढली आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. वाचू-लिहू लागली. दादाजी राहत होता मामाकडे, नारायण धुरमाजींच्या घरी. १८८४ साली त्यानं दावा लावला की माझी बायको माझ्याकडे नांदायला पाठवा. रखमाबाईच्या बाजूनं जी कारणं कोर्टात मांडली गेली त्यांच्याकडे आज पाहिलं की मला तिच्या धैर्याइतकंच तिच्या व्यवहारज्ञानाचंही आश्चर्य वाटतं. दादाजीची मिळकत नाही, बायकोला नीट ठेवायची त्याची ऐपत नाही. त्याची प्रकृती धड नाही. आणि ज्याच्या आश्रयानं तो राहतो त्या माणसाचं चारित्र्य ठीक नाही. म्हणजे आक्षेप नुसता नवऱ्यावर नव्हता, त्या छपरावर होता. कुणाच्या घरात राहायचं, हे मला पाहू द्या, असं ती म्हणत होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. दावा आहे वैवाहिक हक्क ‘परत’ मिळण्याचा. हे दोघं एकत्र राहिलेलेच नाहीत, मग परत काय करायचं? शिवाय असा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून आलेला. हे ऐतिहासिकदृष्ट्या खरंच होतं. गंमत अशी की हा निकाल आला आणि आपल्या धर्मावर घाला पडला म्हणून ओरड झाली. टिळकांनी टीका केली. चर्चच्या कोर्टातून बोटीनं आलेला एक उपाय हिंदू धर्माचा गाभा ठरला.

अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा खालच्या न्यायाधीशाकडे आला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईनं कळवलं की तुरुंगात जाईन. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं तडजोड केली. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला गेली, डॉक्टर झाली, १८९४ मध्ये परतून सुरतेला इस्पितळ सांभाळू लागली. हे सगळं आपण शाळेत अभिमानानं सांगतो. तिचं शिक्षण, तिचं धैर्य. पण तिच्यापाशी आणखी एक गोष्ट होती: परत जायला आईचं घर होतं आणि त्या घराचं दार कुणी लावून घेतलं नाही. माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईला माहेरी भाऊ-भावजय असतात आणि चौथ्या दिवशी तिथला स्वयंपाकघरातला आवाज बदलतो.

तुरुंगाची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीनं गेली. मालमत्ता जप्त करण्याची राहिली, ती आजही आहे. १९४६ साली हिंदू विवाहितेला क्रूरता वगैरे कारणांवरून वेगळं राहून पोटगी मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ लाच घटस्फोटाचा कायदा केला होता आणि मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. म्हणजे बाहेर पडण्याची दारं हळूहळू उघडत होती. आत राहण्याचा हक्क मात्र कुठंच लिहिलेला नव्हता. नवऱ्याचं ते घर, बायकोचं ते सासर.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानं कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते वैध म्हटलं. ज्या इंग्लंडनं हा दावा आपल्याला दिला त्यानं तो १९७० च्या कायद्यानं रद्द केला होता. आपल्याकडे नोटिसा अजून निघतात. बहुतेक वेळा त्या बायको परत यावी म्हणून नसतातच. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना ‘मी तर बोलावत होतो, तीच येत नाही’ असं म्हणता यावं म्हणून असतात. जानेवारी २०२५ मध्ये झारखंडातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नवऱ्यानं नांदण्याचा हुकूमनामा मिळवला आणि बायको गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. न जाण्याला सबळ कारण होतं का ते पाहावं लागतं. नोटीस हातात घेऊन घाबरून आलेल्या प्रत्येकीला मी हे आधी सांगतो, मग चहा मागवतो.

ऐंशीच्या दशकात हवा तापलेली होती. स्टोव्हच्या भडक्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये आलं आणि गावोगाव गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय दंड संहितेत ४९८अ हे कलम आलं: नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. (१ जुलै २०२४ पासून ४९८अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली आहे. लोक अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च म्हणतात आणि बरीच वर्षं म्हणतील.)

या कलमाच्या गैरवापराविषयी इतकं बोललं जातं की त्याच्या खऱ्या उणिवेविषयी कुणी बोलत नाही. फौजदारी कायदा आरोपीकडे पाहतो. त्याला अटक करायची की नाही, जामीन द्यायचा की नाही. २०१४ पासून तर कारणं नोंदवल्याशिवाय सरसकट अटक करू नये असंही बंधन आहे. ते योग्यच. पण फिर्याद लिहून रात्री अकराला ठाण्याबाहेर आलेल्या बाईनं, कडेवर पोर असताना, जायचं कुठं, याचं उत्तर या कलमात नाही. तिला नवऱ्याला तुरुंगात टाकायचं असतंच असं नाही. त्यानं मारणं थांबवावं आणि आपलं अंथरूण होतं तिथंच राहावं, एवढंच तिला हवं असतं. मनाई हुकूम हवा तर तिला दिवाणी कोर्टात जावं लागे, तोही बहुधा घटस्फोटाच्या दाव्याच्या पोटात, आणि तो मोडला तर पोलीस हात वर करत.

ही फट बुजवायला सरकारनं २००२ मध्ये एक विधेयक आणलं. त्यात हिंसेची व्याख्या करताना ‘सवयीनं’ मारहाण करणारा असा शब्द होता, म्हणजे कधीमधी मारणारा बाहेरच. आणि स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेलं वर्तन वाजवी असेल तर ती हिंसा नव्हे, अशी पळवाटही होती. घराच्या हक्काबद्दल अवाक्षर नव्हतं. महिला संघटनांनी आणि इंदिरा जयसिंग यांच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’नं त्याविरुद्ध रान उठवलं, स्वतःचा मसुदा पुढे केला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्या झगड्यातून आला आणि २६ ऑक्टोबर २००६ ला अंमलात आला. त्याचं कलम १७ मी कितीदा वाचलं असेल, देव जाणे. घरावर तिचा मालकीहक्क असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला आहे. रखमाबाईच्या खटल्यानंतर सुमारे एकशे वीस वर्षांनी कायदा पहिल्यांदा म्हणाला, तुला इथं राहायचं असेल तर राहा.

सात आठवडे. कायदा लागू होऊन सात आठवडे झाले आणि १५ डिसेंबर २००६ ला बत्रा खटल्याचा निकाल लागला. दिल्लीतलं घर. सून वरच्या मजल्यावर राहत असे. नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा लावल्यावर ती माहेरी गेली, परत आली तर दाराला कुलूप. घर सासूच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सामायिक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्यानं भाड्यानं घेतलेलं किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचं; सासूच्या स्वकष्टार्जित घरावर सुनेचा हक्क नाही. कायद्याची शब्दरचना ढिसाळ आहे, असा शेराही मारला.

पुढची जवळजवळ चौदा वर्षं आम्ही या निकालाशी डोकं आपटलं. आपल्याकडे तरण्या मुलाच्या नावावर घर असतं कुठं? गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, शहरातला फ्लॅट वडिलांच्या. आणि ज्यांच्या असे ते दावा लागताच बक्षीसपत्र करून आईच्या नावावर करून टाकत. नावाचं महत्त्व शेतकऱ्यांच्या चळवळीला वकिलांच्या आधी कळलं होतं; शरद जोशींनी नव्वदच्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक देऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितलं ते उगीच नाही.

१५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं आहुजा खटल्यात बत्रा निकाल चुकीचा ठरवला. इथंही दिल्लीच, पण इथं सुनेला बाहेर काढण्यासाठी सासऱ्यांनीच लावलेला दावा. घर कुणाच्या नावावर आहे यापेक्षा हिंसेची तक्रार करणारी बाई तिथं नात्यानं आणि काहीशा स्थिरपणे राहत होती का, हे पाहायचं. या हक्कानं ती मालक होत नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांनाही शांतपणे जगण्याचा हक्क आहे, म्हणून कोर्ट तिला तेवढ्याच दर्जाची दुसरी जागा द्या, भाडं भरा, असंही सांगू शकतं. मला हा तोल मान्य आहे. सत्तरीच्या सासूचे हाल करणाऱ्या सुनाही मी पाहिल्या आहेत. हा कायदा त्या सासूलाही लागू आहे: आई, बहीण, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री, कुठल्याही धर्माची, कुणीही अर्ज करू शकते. मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च हवा ही अटही काढून टाकली.

तेव्हा आज उत्तर असं देतो. घटस्फोट मागावा लागत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवलेलाच असला पाहिजे असंही नाही. अर्ज दंडाधिकाऱ्याकडे करायचा, आणि जिथं सध्या राहता, अगदी तात्पुरत्या माहेरी, तिथल्या कोर्टातही चालतो. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. संरक्षण आदेश, निवासाचा आदेश, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत मिळणं, सगळं एकाच अर्जात मागता येतं. प्रसंग बाका असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही अंतरिम आदेश होतो. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, आणि त्यासाठी तिची एकटीची साक्षही पुरू शकते.

‘किती दिवस लागतील?’ इथं मी जरा खोकतो. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकालासाठी साठ दिवसांचा प्रयत्न. प्रत्यक्षात नवऱ्याला नोटीस बजावण्यातच महिने जातात. तो पत्त्यावर सापडत नाही, सापडला तर वकील मुदत मागतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे आणखी चार कामं असतात. म्हणून मी अंतरिम अर्जावर जीव टाकतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एकीला अंतरिम आदेश मिळाला: मागची खोली, मोरी आणि चूल तिची, अडथळा करू नये. सासूच्या नावावरचं घर. हवालदार सोबत गेला, कुलूप उघडून घेतलं. दोन दिवसांनी ती आली ती पेढे घेऊन नव्हे. खोलीची वीज तोडली होती. आदेशात चूल आहे, मोरी आहे, विजेचं काय, असं ती विचारत होती. तिच्या मुठीत किल्ली होती. बोलताना ती तिनं एकदाही टेबलावर ठेवली नाही. मी आदेश पुन्हा वाचला आणि नवा अर्ज लिहायला घेतला.