जाहिरातीतलं 'गार्डन' नेमकं कोणाचं? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत घर घेण्याआधी एवढं बघा

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत घर शोधायला निघालात की जाहिरातीत 'स्टेशनपासून १० मिनिटं'च्या खालोखाल दिसणारा शब्द म्हणजे 'गार्डन'. मुलांना खेळायला, आजी-आजोबांना फेरी मारायला जागा हवीच. पण हे गार्डन तीन प्रकारचं असू शकतं : सोसायटीचं, महापालिकेचं आणि फक्त नकाशावरचं. तिन्हींतला फरक घर घेण्याआधी समजून घ्यायला हवा.

सध्या कुठे जाता येतं?

ठाण्यात तलाव हीच शहराची बाग आहे. स्टेशनजवळचा मासुंदा म्हणजेच तलावपाळी, महापालिका मुख्यालयाजवळची कचराळी आणि येऊरच्या पायथ्याचा उपवन ही फेरफटक्याची नेहमीची ठिकाणं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे वन विभागाच्या वेळा आणि नियम पाळूनच जावं. कोलशेतला २०२४ मध्ये सुमारे साडेवीस एकरांचं ग्रँड सेंट्रल पार्क सुरू झालं. तिथे प्रवेशाला तिकीट आहे. घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग मात्र खासगी आहे.

कल्याण पश्चिमेला काळा तलाव (आता भगवा तलाव) आणि खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला आहे. डोंबिवली पूर्वेला नेहरू मैदान आणि घरडा सर्कलजवळचं सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल, तर पश्चिमेला भागशाळा मैदान आहे.

सुट्टीच्या दिवसासाठी आणखी एक पर्याय म्हणजे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य. हिवाळा-उन्हाळ्यात ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो पाहता येतात. या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला.

एवढी जागा पुरेशी आहे का?

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. या हिशोबाने साडेवीस एकरांचं पार्क साधारण ८,३०० लोकांना पुरतं. २०११ च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. म्हणजे तेव्हाच किमान १,२४७ हेक्टर मोकळी जागा हवी होती. त्यातच मोठी मैदानं सभा, प्रदर्शनं आणि इतर कामांसाठीही घेतली जातात. म्हात्रे क्रीडा संकुलात निवडणुकीची मतमोजणीही झाली आहे. त्या दिवसांत मुलांचा खेळ बंद.

सोसायटीचं गार्डन म्हणजे काय?

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. बोलीभाषेत हिला 'आरजी' म्हणतात. ही जागा त्या प्रकल्पातल्या रहिवाशांसाठी असते, बाहेरच्यांसाठी नाही. तिची देखभाल तुमच्या मेंटेनन्समधून होते.

आणि नकाशावरचं गार्डन?

शहराच्या विकास आराखड्यात काही भूखंडांवर उद्यान किंवा खेळाच्या मैदानाचं आरक्षण असतं. आरक्षण पडलं म्हणजे जमीन महापालिकेची झाली, असं नाही. ती बहुतेकदा खासगी मालकीची असते आणि मोबदला, टीडीआर किंवा भूसंपादन यांतल्या एखाद्या मार्गाने ताब्यात घ्यावी लागते.

इथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ महत्त्वाचं आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं मानलं जातं. मग त्या जागी इमारत उभी राहू शकते. 'समोर गार्डन होणार' म्हणून घेतलेल्या फ्लॅटच्या खिडकीसमोर टॉवर येतो, तो कधीकधी असा.

घर घेण्याआधी काय तपासाल?

• महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा असतो. आरजी कुठे आणि किती आहे ते बघा. जाहिरातीतल्या चित्रावर जाऊ नका.

• महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. शेजारच्या भूखंडावर कोणतं आरक्षण आहे ते त्यातून कळतं. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात नियोजनाचे अधिकार एमआयडीसीकडे असतात, त्यामुळे चौकशी तिथे करावी.

• आरक्षण असेल तर जमीन ताब्यात आली आहे का आणि कलम १२७ ची नोटीस आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

आधीच राहायला आला असाल तर?

आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर महापालिकेला लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ही जाहीर सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कितीही चर्चा झाली, तरी फाइलमध्ये नोंद होते ती लेखी हरकतीचीच.