‘शतायुषी हो’ आणि विम्याचे गणित

पाया पडणाऱ्याला आपली वडीलधारी माणसे ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद देतात. आयुर्विम्याचा धंदा मात्र माणूस अकाली जाईल या भीतीवर उभा राहिला.

आपल्या देशात १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती युरोपियन कुटुंबांच्या सोयीसाठी. पुढे एतद्देशीयांचे विमे घेतले गेले तेही जादा हप्ता आकारून. कारण येथला माणूस लवकर मरतो, असा कंपन्यांचा हिशेब. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हा भेद मोडला आणि आपल्या लोकांचे विमे नेहमीच्या दराने उतरवले.

१९५६ हे वर्ष आपण सीमावासी वेगळ्या कारणाने विसरू शकत नाही. त्याच वर्षी १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि काही महिन्यांतच मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. १ सप्टेंबरला २४५ कंपन्या व संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

महामंडळाने हप्ते ठरवण्यासाठी जे मृत्यूचे कोष्टक घेतले, ते १९२५ ते १९३५ या काळातील ओरिएंटल कंपनीच्या अनुभवावरचे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षे होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा. आज ते सत्तरीच्या घरात आहे. देवी गेली, हिवताप हटला, औषधे गावोगाव पोचली. त्यामुळे कोष्टके पुन्हा पुन्हा नव्याने करावी लागली. १९७०-७३, १९९४-९६, २०१२-१४ या काळांच्या अनुभवावर ती बेतली गेली. मृत्युदर उतरला, तसे निव्वळ जोखमीच्या विम्याचे दरही उतरले.

पण वर्षासनाचे गणित नेमके उलटे. विमेदार लवकर गेला तर विम्यात कंपनीला तोटा. वर्षासनात तो दीर्घायुषी झाला तर तोटा. म्हणून वर्षासनदारांसाठी कोष्टकही वेगळे असते. आता ‘जीवन अक्षय’सारखी तहहयात वर्षासने आहेत, ‘जीवन उमंग’ विमा शंभराव्या वर्षापर्यंत चालतो आणि हप्ते संपल्यावर दरसाल रक्कम देतो. मात्र ठरलेली रक्कम महागाईपुढे दरवर्षी थोडी थोडी खुजी होत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांची पॉलिसी पिकली, पैसे बहिणीच्या लग्नात गेले. त्यानंतर ते एकतीस वर्षे जगले. औषधाच्या बाटलीसाठीही मुलापुढे हात पसरताना त्यांना होणारा संकोच मी पाहिला आहे. त्या पॉलिसीने त्यांच्या मरणाची सोय केली होती. जगण्याची केली नव्हती.

तेव्हा विम्याचा कागद हाती घेताना ‘माझ्यामागे काय उरेल’ या प्रश्नाबरोबर ‘मला शेवटपर्यंत पुरेल का’ हाही प्रश्न विचारावा. आशीर्वाद खरा ठरू लागला आहे. त्याचा खर्चही आपणच मांडून ठेवायला हवा.