डिफ्युझर : एक वासाचा, एक वाऱ्याचा

गेल्या चतुर्थीला भाचा घरी आला तो दारातूनच ओरडला, "मामा, गाडीला डिफ्युझर बसवलाय, चला बघायला!" मी आपला पुढचं दार उघडून डोकं आत घातलं आणि वास घेऊ लागलो. नव्या सीटकव्हरचा वास येत होता, बाकी काही नाही. "तिथं नव्हे मामा, मागं!" म्हणत त्यानं मला हाताला धरून गाडीच्या मागे नेलं. बंपरखाली काळ्या प्लास्टिकची, माशाच्या परांसारख्या उभ्या पट्ट्यांची एक वस्तू डकवलेली होती.

तर मंडळी, डिफ्युझर नावाच्या वस्तू दोन. एक आत टांगायची सुगंधाची, दुसरी गाडीच्या बुडाखालच्या वाऱ्याची. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ओतून चहूकडे पसरवणे. भाच्यानं माझं हसं केलं म्हणून मी दोन्हींचा इतिहास वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की या दोन वस्तूंचं नुसतं नावच नाही, स्वभावही एक आहे.

आधी वासाची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात वॉटरटाऊन नावाचं गाव आहे. तिथे ज्युलियस सामान नावाचा रसायनज्ञ राहत होता. जर्मन ज्यू, नाझींच्या छळामुळे देश सोडून आलेला. कॅनडाच्या जंगलांत सूचिपर्णी झाडांच्या सुगंधी तेलांचा त्यानं अभ्यास केला होता. दुधाच्या गाडीच्या एका चालकानं त्याच्याकडे गाऱ्हाणं केलं, की सांडलेल्या दुधाचा आंबूस वास काही केल्या जात नाही. त्यावर १९५२ साली सामाननं उपाय काढला. शाईटिपासारखा शोषणारा पुठ्ठा घ्यायचा, त्याला झाडाचा आकार द्यायचा, तेलात भिजवायचा आणि दोऱ्यानं आरशाला टांगायचा. हेच ते जगभर पोचलेलं 'लिटल ट्रीज', युरोपातलं 'वुंडरबाउम'.

यातली खरी अक्कल पुठ्ठ्यात नाही, वेष्टणात आहे. पिशवी एकदम फाडायची नाही. कोपरा कापून झाडाचं टोक तेवढं बाहेर काढायचं, मग थोड्या थोड्या दिवसांनी पुठ्ठा आणखी थोडा वर ओढायचा. म्हणजे तेल हवेत सावकाश मिसळतं आणि आठवडेच्या आठवडे पुरतं. आजकालच्या लाकडी बुचाच्या बाटल्याही तेच करतात. लाकूड तेल पितं आणि हळूहळू हवेला देतं. मात्र एक लक्षात ठेवायला हवं. यातलं काहीही मूळ दुर्गंधी काढून टाकत नाही. बांगड्यांचं पाणी मॅटवर सांडलं असेल तर ते तिथेच असतं, वर फक्त सुगंधाची चादर पडते.

आता वाऱ्याची गोष्ट, ती फार जुनी. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख म्हणून फ्रंटायनस नावाचा अधिकारी नेमला गेला. त्यानं आपल्या खात्यावर पुस्तकच लिहिलं. लोक तोटीला पुढे रुंद नळ जोडून हक्कापेक्षा जास्त पाणी ओढत. म्हणून नियम होता, की तोटीपासून पन्नास फुटांपर्यंत नळ तोटीएवढाच हवा. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला हे वाचून फार बरं वाटलं. पळवाट आणि परिपत्रक, दोन्ही दोन हजार वर्षांची!

पुढे रुंद होत जाणारा नळ जास्त पाणी का ओढतो, याचे प्रयोग इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ साली प्रसिद्ध केले. त्याआधी १७३८ मध्ये बर्नूलीनं वेग आणि दाब यांचं नातं मांडलं होतं. आपल्याला समजायला खाजनातली मानस आठवावी. भरतीचं पाणी मानशीच्या अरुंद दारातून उसळून धावतं आणि आतल्या रुंद जागेत पसरून शांत होतं. वाऱ्याचंही तसंच. गाडीच्या बुडाखालून तो अरुंद वाटेनं जातो तेव्हा वेग वाढतो आणि दाब घटतो. वरचा दाब जास्त, म्हणून गाडी रस्त्याला चिकटते. मागच्या बाजूला ती वाट हळूहळू रुंद होत वर चढते. तिथे वारा संथ होतो आणि बाहेरच्या हवेत निमूट मिसळतो. ही मागची चढती वाट म्हणजे डिफ्युझर. ती नीट असली की पुढच्या अरुंद वाटेतून जास्त वारा ओढला जातो, अगदी रोमच्या नळासारखा.

शर्यतीत ही युक्ती नावारूपाला आणली लोटसच्या कॉलिन चॅपमननं. त्याच्या पीटर राइट या तंत्रज्ञाला लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गाडीच्या छोट्या नमुन्यावर वारा सोडताना दिसलं, की नमुन्याच्या बाजू वाकून खाली झुकतात तेव्हा गाडी जास्त दाबली जाते. त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे लावून फट बुजवली, दाब आणखी वाढला. म्हणजे इथेही सुरुवात पुठ्ठ्यानंच! १९७७ ची लोटस ७८ आणि १९७८ ची लोटस ७९ यातून आल्या, आणि ७८ साली मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. त्याच वर्षी गॉर्डन मरेनं ब्राभॅम गाडीच्या मागे मोठा पंखा लावून हवा खेचून घेतली. निकी लाउडानं स्वीडनची शर्यत जिंकली, आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. फट बुजवायला गाडीच्या कडेला रस्त्याला घासणाऱ्या सरकत्या पट्ट्या असत. भर वळणावर पट्टी अडकली की वारा आत घुसे, गाडीची पकड एका क्षणात जाई आणि चालक देवाच्या हवाली. १९८१ मध्ये सरकत्या पट्ट्यांवर बंदी आली. १९८३ पासून चाकांच्या मधलं बूड सपाट असलंच पाहिजे, असा नियम झाला. मग तंत्रज्ञांकडे मागच्या चाकांमागची तेवढी जागा उरली, आणि सगळी बुद्धी तिथेच खर्च होऊ लागली. १९९४ मध्ये इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवसांत रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले. त्यानंतर डिफ्युझर आखूड करण्यात आला आणि बुडाला लाकडी फळी लावणं सक्तीचं झालं.

२००९ मध्ये ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स यांनी नियमातल्या फटीतून दुमजली डिफ्युझर काढला. भोक कशाला म्हणायचं आणि फट कशाला, यावर वाद झाला. १५ एप्रिलला अपील न्यायालयानं ती रचना वैध ठरवली, जेन्सन बटन जगज्जेता झाला आणि २०११ पासून तिच्यावर बंदी आली. २०२२ ते २०२५ या काळात बुडाखालच्या वाटा पुन्हा आल्या, २०२६ च्या नियमांनी त्या पुन्हा आवरल्या. पळवाट आणि परिपत्रक, दुसरं काय!

भाच्याला मी सांगितलं, की हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी २४० किलोमीटरला जेवढा, ६० ला त्याचा सोळावा हिस्सा. "आणि आपल्या रस्त्यावर साठच्या वर जायचा तुझा विचार असेल तर आधी तुझ्या आईला फोन करतो." तो हसला. पण रात्री रस्त्यावर जाणारी ही तरणीताठी पोरं बघून पोटात गोळा येतो, ते काही हसण्यावारी नेता येत नाही.

आता दोन्हींचा स्वभाव एक कसा ते सांगतो. वाऱ्याच्या डिफ्युझरला घाई चालत नाही. वाट फार उभी चढवली तर वारा पृष्ठभाग सोडतो, भोवरे होतात आणि दाब नाहीसा होतो. वासाच्या डिफ्युझरचं मी स्वतः अनुभवलं आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात गाडीत कुबट वास येत होता. आईला घेऊन मावशीकडे बेळगावला जायचं होतं. मी रस्त्यावरच्या दुकानातून सुगंधी पुठ्ठा घेतला, सूचना न वाचता पिशवी फाडली आणि अख्खा टांगला. पाऊस म्हणून काचा बंद. चोर्ला घाट अर्धा चढेपर्यंत आईला दोनदा उलटी झाली. छाती भरून आल्यासारखं वाटतं म्हणाली, आणि मला घाम फुटला. गाडी कडेला घेऊन, भर पावसात चारही दारं उघडून अर्धा तास उभे राहिलो, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला. चूक पुठ्ठ्याची नव्हती. दोन महिन्यांचा वास मी दोन तासांत मागितला होता.

घरी परतल्यावर आईनं मॅट काढून धुवायला लावले, चार दिवस उन्हं बघून गाडी उघडी ठेवायला लावली. कुबट वास गेला. मग तिनं जपून ठेवलेली ओंवळांची, म्हणजे बकुळीची, सुकलेली माळ आरशाला बांधली. बकूळ सुकली तरी वास सोडत राहते, आणि तोही असा की जवळ गेल्यावरच कळावा. ती माळ अजून तिथेच आहे. भाच्यालाही एक दिली आहे. त्यानं ती मुकाट्यानं बांधली, मागचं प्लास्टिक मात्र अजून काढलेलं नाही. असो.