वसा ऊतकातील हॉर्मोने व अतिरिक्त रक्तदाब

वसेचा (चरबीचा) साठा करणाऱ्या पेशींच्या समूहास वसा ऊतक म्हणतात. हे ऊतक म्हणजे ऊर्जेचे निष्क्रिय कोठार होय, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही प्रचलित होती. लठ्ठ व्यक्तींमध्ये अतिरिक्त रक्तदाब अधिक प्रमाणात आढळतो, हे अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीतून स्पष्ट झाले. परंतु त्याचे कारण बराच काळ शरीराच्या वाढलेल्या भारातच शोधले जात होते.

या समजुतीला छेद देणाऱ्या संशोधनाचा प्रारंभ उंदरांपासून झाला. जॅक्सन प्रयोगशाळेत आढळलेल्या आनुवंशिक लठ्ठ उंदरांचे वर्णन १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डग्लस कोलमन यांनी अशा उंदरांचे रक्ताभिसरण इतर उंदरांच्या रक्ताभिसरणाशी जोडून, भूक आवरणारा एखादा पदार्थ रक्तातून वाहत असावा, असे अनुमान काढले. जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये संबंधित जनुक शोधून काढले. त्यापासून तयार होणाऱ्या हॉर्मोनास ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. वसा ऊतक हीदेखील एक अंतःस्रावी ग्रंथीच आहे, हे त्यामुळे मान्य झाले.

लेप्टिन मेंदूच्या अधोथॅलॅमस या भागावर क्रिया करून भूक कमी करते; त्याचबरोबर अनुकंपी तंत्रिका तंत्रास (मज्जासंस्थेच्या एका स्वायत्त भागास) चेतविते. वसा वाढली म्हणजे लेप्टिनही वाढते. लठ्ठपणात त्याचा भुकेवरील परिणाम मंदावतो, परंतु तंत्रिकांवरील परिणाम बव्हंशी टिकून राहतो. परिणामी वृक्के (मूत्रपिंडे) सोडियम व पाणी राखून ठेवतात आणि रक्तदाब वाढतो. लेप्टिनाचा जन्मजात अभाव असलेल्या व्यक्ती अतिशय लठ्ठ असूनही त्यांचा रक्तदाब त्या मानाने कमी असतो, असे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. केवळ भार हे रक्तदाबवाढीचे पुरेसे कारण नव्हे, याचा हा ठळक पुरावा होय.

वसापेशी अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिनही तयार करतात. वृक्कातील रेनिनामुळे (शोध १८९८) त्याचे रूपांतर सुरू होऊन अखेर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अँजिओटेन्सिन निर्माण होते. याउलट रक्तवाहिन्यांना हितकारक असलेले ॲडिपोनेक्टिन (शोध १९९५) लठ्ठपणात घटते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयास वेगळे महत्त्व आहे. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. मात्र पुण्याच्या बालकांच्या पाठीवरील त्वचेखालची वसा त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. घट मुख्यतः स्नायू व उदरातील इंद्रियांत होती. पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेतील रक्ताच्या तुलनेत (२००२), जन्मवजन विचारात घेता, पुण्याच्या बालकांत लेप्टिन व इन्शुलिन यांचे प्रमाण अधिक आढळले.

यावरून काटक दिसणारे शरीरही वसायुक्त असू शकते आणि केवळ वजनकाट्यावर विसंबल्यास धोका नजरेआड होतो, हे ध्यानात येते. म्हणूनच भारतीय तज्ञांनी २००९ मध्ये अतिवजनाची मर्यादा शरीर वस्तुमान निर्देशांक (किग्रॅ. मधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ अशी ठरविली व कमरेचा घेर मोजण्यावर भर दिला.

अनुवंश, आहारातील मीठ, झोपेतील श्वसनरोध व वृक्कांवरील वसेचा दाब हीदेखील रक्तदाबवाढीची कारणे आहेत. तेव्हा हॉर्मोने हा त्या साखळीतील एक दुवा होय. वजन घटविल्यास लेप्टिन व रक्तदाब दोन्ही उतरतात. रक्तदाबवाढ बहुधा लक्षणांविना होत असल्याने, सडपातळ व्यक्तींनीही तो वेळोवेळी मोजून घेणे हितावह ठरते.