हिरकणी, चाकी आणि आशारिया

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये मुलांना नेलं की ती दरबार हॉलच्या रंगीत काचांपाशी रेंगाळतात. शिवचरित्रातले प्रसंग आहेत त्या काचांवर. राजवाडा पूर्ण झाला १८८४ साली. त्या काळी असा एकेक तुकडा हातानेच कापावा लागे.

‘कापणे’ हा शब्द तसा चुकीचाच. काचेवर बारीक रेघ ओढायची आणि त्या रेघेवर ती मोडायची, एवढंच. पूर्वी ही रेघ हिऱ्याच्या कणीने, म्हणजे हिरकणीने ओढत. १८६९ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल मोन्स यांनी पोलादी चाकी काढली आणि हिरा न परवडणाऱ्या कारागिराच्याही खिशात काच कापायचं हत्यार आलं. पुढे १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा आणि १९१६ मध्ये कराडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला. ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. काच इथे बनू लागली, तरी सपाट काचेवर चाकी फिरवणारा हात तोच राहिला.

तो हात सुटला संगणकामुळे. आकड्यांच्या हुकमावर चालणारं यंत्र अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ साली दाखवलं, ते धातूसाठी. आज काचेच्या कारखान्यातही तीच रीत आहे. एका मोठ्या काचेतून कमीत कमी वाया जाऊन किती तुकडे निघतील, हे संगणक ठरवतो आणि यंत्राची चाकी तेल सोडत रेघा ओढत जाते. मोडायचं मात्र अजून रेघेवरच.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच यंत्रावर आहे. परवा भेटला तो तोंड पाडूनच. “सर, पगार कापला.” चिठ्ठीवर रुंदी होती ३३.६ इंच. त्याने ती ३३ इंच ६ सूत समजून मिलिमीटरमध्ये भरली. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे झाले ३३.७५. यंत्राने मुकाट्याने काच चार मिलिमीटर मोठी कापली. साधी काच असती, तर उस्तादांनी कडेची पट्टी काढून दिली असती. पण ही टफन ग्लास. भट्टीतून निघाल्यावर तिला चाकी लावली, की सगळ्या काचेचा चुरा होतो. म्हणून मापाची चूक कापण्याआधीच सापडावी लागते.

मी भाषेचा शिक्षक, दशांश शिकवणं माझं काम नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण त्या पोराचा घोटाळा भाषेचाच होता. उर्दू शाळेत तो ‘आशारिया’ शिकला, मराठीच्या पुस्तकात ‘दशांशचिन्ह’ भेटलं, कारखान्यात ‘पॉइंट’ आणि घरी सुतारकाम करणाऱ्या अब्बांकडून ‘सूत’. चारही शब्द त्याला येत होते. ते एकमेकांशी जोडून देणारं कुणी नव्हतं.

सोमवारी फळ्यावर मी ३३.६ लिहिलं आणि वर्गाला विचारलं, “हे चार प्रकारे वाचून दाखवा.” निम्म्या वर्गाने सहा सूत सांगितलं. त्यांचा पगार अजून कुणी कापलेला नाही, म्हणजे वेळ आहे.