बीडच्या पोराने विमान शिकायला कुठं जायचं? एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामेभावाने विचारलं, "दादा, बारावी सायन्स झालं. पायलट व्हायचंय. कुठली अकॅडमी बरी?" मी इतिहासाचा विद्यार्थी, मला काय कळतंय त्यातलं! पण संशोधनाच्या दृष्टीने प्रश्न भारी आहे. कारण "कुठं शिकायचं" याचं उत्तर दर पिढीला बदलत गेलंय, आणि का बदललं हे शोधणं म्हणजेच इतिहास.

सुरुवात मी चुकीच्या जागी केली. मुंबईत 1928 साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जुहूच्या धावपट्टीवर शिकून जे. आर. डी. टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 ला भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. झालं! मी गृहीत धरलं की मराठी मुलखातल्या पोरांची वाट जुहूकडेच जात असणार, आणि मुंबईचे कागद चाळत बसलो. बीडचं नावसुद्धा सापडेना.

चूक काय होती? मी आजचा नकाशा जुन्या काळावर ठेवला होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आष्टीच्या पलीकडे नगर जिल्हा लागला की ब्रिटिश मुलूख सुरू. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सरकारी कारभार उर्दूत. संस्थानाची राजधानी हैदराबाद, आणि तिथं बेगमपेटला 1930 च्या दशकात एरो क्लब उभा राहिला. पुढे 1945 च्या सुमारास निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज आली. म्हणजे शिकायची सोय आणि नोकरी, दोन्ही एकाच शहरात. म्हणून माझं आताचं गृहीतक असं: त्या काळातल्या बीडच्या पोरासाठी दार होतं ते बेगमपेटचं, जुहूचं नव्हे. ते तपासायचं तर हैदराबादचं अभिलेखागार गाठावं लागतं आणि उर्दू वाचता यायला हवं. मी आता अलिफ-बे गिरवतोय!

पुढे नकाशा पुन्हा हलला. 1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. बीडचं तोंड हैदराबादकडून मुंबईकडे वळलं.

आज तर तिसरंच चित्र आहे. शिकाऊ विमानाला मोकळं आकाश लागतं. मोठ्या विमानतळाशेजारी ते मिळत नाही. म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गेलं. बारामती, गोंदिया, नागपूर इथंही सोय आहे. केंद्र सरकारची अकादमी 1980 च्या दशकापासून उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे. धावपट्ट्या लहान गावांकडे सरकल्या, पण खर्च काही सरकला नाही. व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं, आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. कोरडवाहू शेतीवरच्या घराला ते कर्जाशिवाय किंवा शिष्यवृत्तीशिवाय झेपत नाही.

मित्रांनो, यातून संशोधनासाठी एकच गोष्ट घ्या. "सगळ्यात चांगली संस्था कुठली?" हा जाहिरातीचा प्रश्न आहे. संशोधकाचा प्रश्न असा: कुठली संस्था कुणाच्या आवाक्यात होती, आणि ते कुणी ठरवलं? विषय निवडलात की त्या जागेचा त्या सालातला नकाशा आधी काढा. कागद कुठल्या शहरात आणि कुठल्या भाषेत असतील हे तोच सांगतो.

भावाला मात्र मी सरळ सांगितलं: आधी वैद्यकीय तपासणी करून घे. मग प्रत्येक ठिकाणी विचार, चालू विमानं किती, पोरं किती, आणि मागच्या बॅचचे 200 तास किती महिन्यांत झाले. पुस्तिकेतले फोटो नंतर बघ.